‘तीन दिवसांशिवाय सावरडो नाही’ म्हणे!

सावरडो म्हणजे पाणी-पिठाच्या घरच्या आंबवणावर फुगवलेला पाव. ‘एका दिवसात घरी सावरडो’ म्हणणारे थापा मारतात, असं सांगणारा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरफिरून येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खऱ्या सावरडोला किमान तीन दिवस लागतात, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला नसेल तर तो नुसता पाव, लवकर फुगला म्हणजे गुपचूप यीस्ट घातलंय, आपल्या उकाड्यात हे जमायचंच नाही, आणि तीन दिवस आंबवला की ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) उरत नाही, म्हणून तो सगळ्यांना चालतो. यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, शेवटचं धोकादायक आहे, आणि मधली घड्याळाकडे बघून लिहिली आहेत, पिठाकडे बघून नव्हे.

अर्धं खरं आधी. स्टार्टर, म्हणजे पाणी-पिठाचं आंबवण, शून्यातून एका दिवसात होत नाही. दही आणि इनो घालून तासाभरात ‘सावरडो’ दाखवणाऱ्या रील्सवर कुणी चिडलं तर मी त्यांच्याच बाजूने. कणीक आणि पाणी कालवून ठेवलं की आपल्याकडे दुसऱ्याच दिवशी बरणी फसफसते. ते यीस्टचं काम नसतं; पिठातले भलतेच जिवाणू आधी माजतात. आम्लता वाढली की ते मरगळतात, बरणी एक-दोन दिवस गप्प होते, आणि नेमकं तेव्हाच लोक ‘मेलं’ म्हणून ते बेसिनमध्ये ओततात. आम्ल सोसणारे लॅक्टिक जिवाणू आणि रानटी यीस्ट यांना जम बसवायला उन्हाळ्यातही आठवडाभर द्यावा लागतो. पण हा हिशेब स्टार्टरचा, पावाचा नाही. दही किती तासांत लागलं हे सांगताना विरजणाचं वय कोणी त्यात धरत नाही.

आता फ्रीज. घरगुती फ्रीज विसाव्या शतकात आला. बेकरीचं तयार यीस्टसुद्धा एकोणिसाव्या शतकातलं. त्याआधी फ्रान्समधले बेकर आंबवण टप्प्याटप्प्याने वाढवत नेत आणि मुख्य पीठ मळल्यावर काही तासांत ते भट्टीत घालत. तो पाव खोटा होता का? फ्रीजमुळे बेकरला रात्री झोपता येऊ लागलं, एवढंच. थंडीत यीस्ट जवळजवळ थांबतं, भाजायची वेळ आपल्या सोयीने ठरवता येते, घट्ट झालेल्या गोळ्यावर चिराही सुबक पडतात. फायदे खरे आहेत. अट खोटी आहे.

आणि ‘खरा’ कोणता हे कायद्यालाच विचारायचं असेल, तर फ्रान्सचा 13 सप्टेंबर 1993 चा हुकूम बघा. आंबवणाचा पाव म्हणून विकायचा तर त्याचा पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आंबट) जास्तीत जास्त 4.3 हवा आणि गरात अ‍ॅसेटिक आम्ल (व्हिनेगरमधलं) किमान 900 पीपीएम (दहा लाखांत 900 भाग). किती तास, किती दिवस, याचा उल्लेख नाही. एका दिवसाचा सौम्य पाव या कसोटीला दर वेळी उतरेलच असं नाही, पण कसोटी आम्लाची आहे, कॅलेंडरची नाही. गंमत म्हणजे शेवटच्या वेळी मळताना पिठाच्या 0.2 टक्क्यांपर्यंत बेकरीचं यीस्ट घालायची मुभाही तोच हुकूम देतो. आपल्याकडचे सोवळे लोक हे वाचून काय म्हणतील कोण जाणे.

उकाड्याचा मुद्दा तर साफ उलटा आहे. सावरडोतलं यीस्ट साधारण 27-28 अंशांना सर्वांत जोमाने वाढतं, लॅक्टिक जिवाणू 32-33 ला. हे तापमान मुंबईच्या ओट्यावर वर्षातले बहुतेक महिने फुकट मिळतं. गोंधळ होतो तो पाककृतीमुळे. 21-22 अंशांच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेलं ‘रात्रभर ओट्यावर ठेवा’ ठाण्यात मे महिन्यात पाळलं, तर सकाळी भांड्यात आंबूस, चिकट लगदा मिळणार. मग दोष हवेला.

30 अंशांना साधारण असं जमतं. सकाळी सहाला 20 ग्रॅम स्टार्टरला 50 ग्रॅम पीठ, 50 ग्रॅम पाणी. दहाच्या सुमारास तो दुपटीवर येतो. मग 500 ग्रॅम पीठ, 340 ग्रॅम पाणी, 100 ग्रॅम स्टार्टर, 10 ग्रॅम मीठ. चक्कीचा आटा जास्त घेणार असाल तर पाणी वाढवावं लागतं आणि पीठ आंबतंही लवकर. पहिल्या दोन तासांत तीन-चार वेळा ओल्या हाताने कडा उचलून घड्या घालायच्या. दोनच्या आसपास आकार द्यायचा, सव्वातीनला भट्टीत. पिठाच्या पाचवा हिस्सा जोमदार स्टार्टर असताना चार तासांत पीठ वर यायला गुपचूप यीस्टची गरजच काय?

यात एकच गोष्ट जिवावर बेतते: कधी थांबायचं. मळून झाल्यावर लिंबाएवढा गोळा एका सरळ, अरुंद ग्लासात दाबून बसवा, रबरबँडने खूण करा आणि ग्लास पिठाच्या भांड्याला टेकवून ठेवा. तो दीडपट झाला की थांबा. दुपटीची वाट बघू नका. गरम पीठ आकार देतानाही फुगतच असतं. तासभर जास्त गेला तर आम्ल आणि पिठातली एन्झाइम मिळून ग्लुटेन सैल करतात. गोळा हाताला चिकटतो, ताणायला जावं तर तुटतो, पाव बसका होतो आणि जाळी पडत नाही. नाशिकच्या डिसेंबरात ओटा 18 अंशांवर असताना मात्र हेच वेळापत्रक कोलमडतं. तेव्हा बंद ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवा, नाहीतर तो मजकूर खरा ठरेल.

बाय द वे, गोव्याचे पदेर (पाववाले) पिढ्यान् पिढ्या माडाच्या सुरेवर (माडीवर) पाव फुगवत आले. आता बहुतेकांकडे यीस्ट आहे, आणि सूर म्हणजे पिठाचं आंबवण नव्हे, हेही मान्य. पण हवेतल्या-झाडावरच्या जंतूंनी, दमट उकाड्यात, फ्रीजशिवाय पाव होतो एवढं त्यातून दिसतंच.

ग्लुटेनबद्दलच्या वाक्यावर मात्र हसून चालणार नाही. गहू तीन दिवस आंबवला तरी ग्लुटेन-मुक्त होत नाही. ग्लुटेन-मुक्त म्हणायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. घरच्या सावरडोत ते कितीतरी जास्त असतं. साधा विचार करा: ग्लुटेन खरंच संपलं असतं, तर पाव उभा कशावर राहिला? प्रयोगशाळेत निवडक जिवाणू आणि बुरशीची एन्झाइम वापरून गव्हातलं ग्लुटेन तोडण्याचे प्रयोग झालेत, पण ओट्यावरची बरणी म्हणजे ती प्रयोगशाळा नव्हे. घरात कुणाला सिलिअ‍ॅक (ग्लुटेन न सोसण्याचा आजार) असेल तर तीन दिवसांचा असो वा एका दिवसाचा, हा पाव त्यांच्या ताटात नको. फायटिक आम्ल (गव्हातली खनिजं अंगी लागू न देणारा घटक) कमी होण्याचा फायदा वेगळा: पीएच 5.5 च्या आसपास आला की ते तोडणारं गव्हातलं एन्झाइम, फायटेज, कामाला लागतं, आणि तेवढी आम्लता काही तासांत येते.

ओटीजीत होत नाही, असंही कुणीतरी त्या मजकुराला खाली जोडून दिलंय. होतं. प्लास्टिकची मूठ नसलेलं जाड बुडाचं झाकणाचं पातेलं 230 अंशांवर अर्धा तास तापवा, पाव आत ठेवून झाकण लावा, वीस मिनिटांनी काढा, पुढची वीस-पंचवीस मिनिटं उघडा भाजा. निदान दीड तास तरी कापू नका, नाहीतर आतला गर गिच्च लागेल.

सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला परतणाऱ्यांनी खुशाल फ्रीज वापरावा. रात्री मळा, दीडपट झाल्यावर आकार देऊन आत ठेवा आणि सकाळी काढून तसाच थंड गोळा तापल्या पातेल्यात सोडा.