फोटो दाखवून झाल्यावर ओळखपरेड कशाला?

आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सअप ग्रुपांवर परवापासून एक फोटो फिरतोय. खाली उकिडवी बसवलेली दोन पोरं, मागं छाती काढून उभं असलेलं पथक, वर मजकूर: 'जबरी चोरीतील आरोपी जेरबंद'. पोरांची तोंडं उघडी. खाली अंगठ्यांची आणि 'अभिनंदन साहेब'ची रांग. मी फौजदारी बाजू चालवणारा वकील आहे. फोटो पाहून मला एवढंच वाटलं, की ही केस आता कोर्टात टिकणं अवघड. ती पोरं माझे पक्षकार नाहीत, चोर आहेत की नाहीत तेही मला ठाऊक नाही. पण ज्याला लुटलं तो शेतकरी त्याच ग्रुपांत आहे, आणि ओळखपरेड, म्हणजे आरोपीला इतर माणसांच्या रांगेत उभं करून साक्षीदाराला त्यातून ओळखायला लावणं, अजून व्हायची आहे.

हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री वावरात गेलेला माणूस. थ्री फेज रात्रीच येते, त्याला कोण काय करणार! दोघांनी गाठलं, बॅटरीचा उजेड त्याच्याच डोळ्यांवर, विळा गळ्याशी. अशा वेळी माणूस तोंडाकडे बघत नाही, हत्याराकडे बघतो. चेहरा दिसला असेल तर काही क्षण. मग फिर्यादीत वर्णन येतं: 'वय अंदाजे २५ ते ३०, मध्यम बांधा, रंग सावळा, मराठी-हिंदी बोलणारे'. या वर्णनात आमचा अर्धा तालुका बसतो, वीस वर्षांपूर्वीचा मीही बसलो असतो. फिर्याद घेतानाच जरा खोदून विचारलं असतं, की कानात बाळी होती का, दात कसे होते, आवाज घोगरा होता का, तर पुढं ताडून बघायला काही तरी हाती राहिलं असतं.

तसं होत नाही. होतं ते असं, की चार दिवसांनी फिर्यादीला ठाण्यात बोलावतात, जमादार मोबाइल पुढं करतात आणि मायेनं विचारतात, "पाय बरं, हाच व्हय का? घाबरू नको." माणूस म्हणतो, "हो साहेब, तसाच वाटते." कागदावर उतरतं: 'सदर इसमास मी खात्रीने ओळखले'. तसाच वाटते आणि खात्रीने, या दोहोंत जे अंतर आहे त्यात एखाद्याची दहा वर्षं जाऊ शकतात. आणि साक्षीदार खोटं बोलत नसतो. फोटो एकदा डोळ्यांत बसला की त्या रात्रीचा अर्धवट चेहरा मागं सरतो, तिथं फोटोतला येऊन बसतो. पुढं परेडीत तो ओळखतो तो मोबाइलवरचा माणूस. शपथेवर सांगताना मात्र त्याला मनापासून वाटतं की वावरातला तो हाच.

कायदा याबाबत आंधळा नाही. परेडीतली ओळख साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम ७ खाली येते, जुन्या कायद्यात ते कलम ९ होतं. आरोपीला परेडीसाठी उभं करण्याचा आदेश नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम ५४ खाली कोर्ट देतं. परेड घेतो तो दंडाधिकारी, आपल्याकडं बहुतेक वेळा नायब तहसीलदार, आणि पोलिसांनी तिथं थांबायचं नसतं. आमच्या उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये, म्हणजे फौजदारी कामाच्या नियमपुस्तकात, सगळं लिहून ठेवलंय: एका आरोपीमागं निदान सहा माणसं, दिसायला मिळतीजुळती, आरोपीला हवी ती जागा घ्यायची मुभा, साक्षीदार एकेक करून आत. एवढं करूनही परेड हा मूळ पुरावा नाहीच. मूळ पुरावा म्हणजे साक्षीदारानं कोर्टात केलेली ओळख. पण कोर्टात दोन-तीन वर्षांनी आरोपीच्या पिंजऱ्यात एकच माणूस उभा असतो, त्याच्याकडं बोट दाखवायला आठवण लागत नाही. म्हणून तर पहिली ओळख कशी झाली, यालाच सगळी किंमत.

प्रत्यक्षात कारागृहात रांग कशी लागते? डमी, म्हणजे आरोपीसोबत उभी करायची माणसं, मिळत नाहीत. मग शिपाई बसस्टँडवरच्या टपरीवरून जे सापडतील ते घेऊन येतो. कोणी पोट सुटलेला, कोणी इन केलेला, पायात बूट. त्यांच्यात आठ दिवस कोठडीत काढलेला, अंगावर तेच चुरगळलेले कपडे, अनवाणी असा एकच जण. त्याला ओळखायला चोरी पाहिलेली असायची गरज नाही. उलटतपासात मी नायब तहसीलदारांना हमखास विचारतो, की रांगेतल्या माणसांचं वय, उंची, अंगकाठी पंचनाम्यात लिहिली का? उत्तर बहुतेकदा 'नाही' असतं. १९९९ साली महाराष्ट्रातलाच एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढं होता. आरोपीला दाढी आणि लांब केस, रांगेत तसा दुसरा कोणी नाही. न्यायालयानं त्या परेडीवर बोट ठेवलं.

अमेरिकेतलं रोनाल्ड कॉटनचं प्रकरण मी ज्युनियर पोरांना नेहमी सांगतो. १९८४ सालचा बलात्काराचा गुन्हा, नॉर्थ कॅरोलिनातला. पीडित विद्यार्थिनीनं अत्याचार चालू असतानाच ठरवून चेहरा लक्षात ठेवला होता. आधी तिला फोटो दाखवले, मग प्रत्यक्ष रांग. दोन्हीकडं असलेला माणूस एकच, कॉटन. तिनं दोन्हीकडं त्यालाच निवडलं, आणि पोलिसांनी 'फोटोतही तू यालाच निवडलं होतंस' असं सांगून तिची खात्री आणखी पक्की केली. पुढं कॉटनवरचा खटला दुसऱ्यांदा चालला तेव्हा खरा गुन्हेगार तिच्यासमोर आणला, तर ती म्हणाली, याला मी कधी पाहिलेलंच नाही. १९९५ मध्ये डीएनएमुळं कॉटन सुटला, दहा वर्षांहून जास्त काळ आत काढून. एवढं ध्यान देऊन पाहिलेल्या बाईचं असं झालं, मग बॅटरीनं डोळे दिपलेल्या आपल्या शेतकऱ्याचं काय?

आता जे लिहितोय ते काहींना झोंबेल. ठाण्यात रेकॉर्डवरच्यांचे फोटो असतात, त्यांत कोणाचे जास्त असतात हे यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. गुन्हेगार जमातींचा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये केला, तो गेला १९५२ मध्ये, पण चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी पारधी बेड्यावर, म्हणजे त्या कायद्यानं गुन्हेगार ठरवलेल्या पारध्यांच्या वस्तीवर, जाते. फिर्यादीपुढं बेड्यावरच्याच पोरांचे फोटो ठेवले तर तो बेड्यावरचंच पोरगं निवडणार. त्यातल्या त्यात जवळचं कोण, एवढंच तो बघतो. खरा चोर त्या फोटोंत नसूही शकतो, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

एका हवालदार मित्राला हे बोललो तर तो उसळला. "वकीलसाहेब, तुमाले बोलाले काय जाते? डमी तुमी आणता का? नायब साहेब अतिवृष्टीच्या पंचनाम्यात, तारीख भेटते महिन्यानं. तवरोक काय हात बांधून बसाव?" त्याचं म्हणणं खोटं नाही. माणसं कमी, वरून 'डिटेक्शन किती' म्हणून तगादा. परेडीला उशीर झाला की आम्हीच कोर्टात बोंब मारतो. पण मी जे मागतोय त्यातल्या बऱ्याच गोष्टींना छदामही लागत नाही. अटक केल्याबरोबर तोंडावर बुरखा घाला, आणि तो घातला असं स्टेशन डायरीत लिहा. पथकासोबतचा फोटो काढू नका, काढलाच तर आरोपीविना काढा, अभिनंदन तसंही मिळेल. इंग्लंडात ओळख घेणारा अधिकारी तपासातला नसतो आणि संशयितासोबत निदान आठ जण दाखवतात, बहुतेकदा व्हिडिओवर. न्यू जर्सीत २००१ पासून असा दंडक आहे, की शक्य तिथं दाखवणाऱ्यालाच संशयित कोण ते माहीत नसावं, म्हणजे नकळतही त्याची नजर तिकडं जायला नको. आपल्याकडं व्हिडिओचं बंधन कलम ५४ मध्ये साक्षीदार दिव्यांग असेल तरच आहे. ते सगळ्यांनाच लावा, मोबाइल तर प्रत्येक शिपायाच्या खिशात आहे.

कोणी म्हणेल, वकील आरोपीची बाजू घेतोय. अहो, परेड बिघडली तर माझं काम सोपंच होतं! फोटो दाखवला होता एवढं शाबीत केलं की निम्मी लढाई जिंकली. हात चोळत बसतो तो फिर्यादी. आणि त्या रात्री तिथं नसलेलाच माणूस आत गेला, तर खरा चोर पुढच्या हंगामात दुसऱ्याच्या वावरात येतो, त्याचं काय?

ग्रुप अ‍ॅडमिन असाल तर तो फोटो ग्रुपवरून आजच काढून टाका. तुमच्या घरचं कोणी साक्षीदार असेल तर त्याला हे नीट समजावून सांगा: रांगेत तो माणूस असेलच असं नाही. दिसला नाही तर 'नाही' म्हणता येतं, कोणी रागावणार नाही. खात्री नसेल तर जेवढं वाटतं तेवढंच बोला, आणि तुमचेच शब्द लिहून घ्यायला सांगा. घटनेनंतर याला कुठं पाहिलं का, असं नायब तहसीलदार विचारतील. ग्रुपवर पाहिला असेल तर ग्रुपवर पाहिला म्हणून सांगा. जमादारांनी दाखवला असेल तर तेही.