आजी गोळी घेत होती

आजीच्या वर्षश्राद्धाला चुलतभावाने घरच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला. चाळीच्या गॅलरीत कठड्याला धरून उभी, नऊवारीतली. फोटोखाली सगळीकडे फिरणारा तो मजकूर जोडला होता : ‘आपले आजी-आजोबा साजूक तूप खाऊन, एकही गोळी न घेता नव्वदी पार करायचे. बीपी, शुगर ही आजच्या पिढीची दुखणी. साठीनंतर माणसाने फक्त आराम आणि नामस्मरण करावं.’ सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. चार दिवसांनी कळलं, मुलुंडच्या काकांनी बीपीची गोळी बंद केली आहे. ‘आई कुठे घेत होती?’ असं ते काकूला म्हणाले.

आई घेत होती, काका. तीस वर्षं.

आधी ते ‘नव्वदी पार करायचे’. स्वातंत्र्याच्या सुमाराला आपल्या देशात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते सत्तरीला पोचलं आहे. याचा अर्थ तेव्हा सगळे बत्तिशीत जात होते असा नाही. लहान मुलं फार जात, म्हणून सरासरी इतकी खाली यायची. आजीला सहा भावंडं होती, त्यातली दोन मोठी झाली. उरलेल्या चौघांचा फोटो कुणाकडेच नाही, त्यामुळे तो कुणी ग्रुपवर टाकत नाही.

आणि आजोबा? तेही त्याच पिढीचे, त्याच लालबागच्या खोलीतले, त्याच ताटात जेवलेले. गिरणीत कार्डिंग खात्यात होते, जिथे कापसाची धूळ सगळ्यात जास्त. सुट्टीनंतर पहिल्या पाळीला गेले की त्या दिवशी छाती जास्त आवळायची. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या दुखण्याची ही ओळखीची खूण आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यात आजोबाही होते. ते पुन्हा आत गेलेच नाहीत, पण खोकला राहिला. १९८७ मध्ये, ५९ व्या वर्षी गेले. व्यसन नाही, आळस नाही, माणूस आनंदी. स्वभाव आणि सवयींनी म्हातारपण घडतं हे मला मान्य आहे. पण म्हणून जो लवकर गेला त्याचंच काही चुकलं असेल, असं कुणी सुचवलं की मला आजोबांचा खोकला ऐकू येतो.

साजूक तुपाबद्दल फार लिहायला नको. संपकऱ्याच्या घरात डालडाचा पिवळा डबा होता. साजूक तूप सणाला, पुरणपोळीवर, तेही मुलांच्या.

आता गोळी. १९९५ च्या गणपतीत मंडळाने आरोग्य तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. आजी ६१ वर्षांची. शेजारणीला सोबत म्हणून गेली आणि तिचाच रक्तदाब १७० वर १०० निघाला. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, काहीच नव्हतं. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा असाच असतो, काही न सांगता हृदय, मेंदू, मूत्रपिंडं पोखरत राहतो. म्हणजे तो आजच्या पिढीचा रोग नव्हे, आधीच्या पिढीत तो मोजला जात नव्हता. पट्टा बांधून बघणारं कुणी नसेल तर माणूस ‘अचानक’ जायचा.

तिने गोळी देवाच्या दिव्याला बांधून घेतली. सकाळी दिवा लावायचा, तिथल्याच स्टीलच्या डबीतून गोळी काढायची, मग चहा. गावाला गेली तरी डबी पिशवीत आधी. पाहुणे आले की ती डबी फडताळात जायची आणि समोर आंबोळ्या यायच्या. तुम्ही सणाला येत होतात, काका. तुम्हाला सणाची आजी दिसली. मी तिच्याजवळ राहत होते म्हणून मला रोजची दिसली.

सगळ्यात जास्त राग मला ‘फक्त आराम’ या शब्दांचा येतो, कारण तो प्रयोग आपण तिच्यावर केला आहे. ७८ व्या वर्षी गुडघे दुखायला लागले. चाळीला लिफ्ट नाही, खोली तिसऱ्या मजल्यावर. सगळ्यांनी मायेनेच ठरवलं : आता खाली उतरायचं नाही. तीन महिने ती खाटेवर बसून होती. गुडघे दुखायचे थांबले नाहीत, वर खाटेवरून उठताना हात द्यावा लागायला लागला. वयाबरोबर स्नायू झिजतातच, न वापरता ठेवले की फार भराभर झिजतात, आणि मग तोल जातो. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्या माणसांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, शिवाय तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. एका सकाळी आजीने कठडा धरला आणि एक मजला उतरून परत आली. दुसऱ्या आठवड्यात दोन. महिन्याभरात ती आरेच्या केंद्रावर दूध आणायला रांगेत होती. भाजी ती मुद्दाम एकदम आणत नसे. संध्याकाळी हमखास म्हणायची, ‘कोथिंबीर राह्यली गो,’ आणि चप्पल घालायची.

नामस्मरणावर माझा आक्षेप नाही, ‘फक्त’वर आहे. गुरुवारचं भजन तिचं जीव की प्राण. ऐंशीनंतर कान गेले, टाळ चुकायला लागला, तिने लाजून जाणं सोडलं. बोलणंही कमी झालं. कानाच्या मशीनला म्हातारी माणसं नाही म्हणतात. तिने एवढंच विचारलं, ‘चष्मा लावते, मग हे का नको?’ आणि पुढच्या महिन्यात परत टाळ धरला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण टाळता किंवा बदलता येण्यासारखी १४ कारणं दिली आहेत. त्यात उपचार न केलेला बहिरेपणा आहे, एकटेपणा आहे, मध्यम वयातला रक्तदाबही आहे. आजीने हे वाचलेलं नव्हतं. तिला बायकांमध्ये बसायचं होतं.

तिला ‘जुनं हाड’ म्हटलं की मला वाईट वाटतं. हाड तिच्या भावंडांचंही जुनंच होतं. तिने रोज सकाळी डबी उघडली, रोज संध्याकाळी ४८ पायऱ्या उतरली आणि चढली, दुखत असताना.

काका, ती डबी माझ्याकडे आहे. झाकण थोडं चेपलंय. आत शेवटच्या पाकिटातल्या चार गोळ्या अजून आहेत, त्या मी टाकून देईन आणि डबी रविवारी घेऊन येईन. तुम्ही तोवर तुमच्या डॉक्टरांना फोन करा, आजच.