बरणीतला सरडा माणसाळत नसतो

गेले काही महिने आमच्याकडं, खानापूर-बेळगाव-निपाणीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर, एक संदेश सारखा फिरतोय. ‘कुत्रं नको, मासे नकोत, सरडा पाळा, खर्च शून्य.’ सोबत व्हिडिओ, त्यात एका पोराच्या तळहातावर सरडा निवांत बसलाय. खाली सूचना अशा: कुंपणावरचा सरडा धरून झाकणाला भोकं पाडलेल्या काचेच्या बरणीत ठेवा, मुंग्या नाहीतर भाताची शितं घाला, वाटीत पाणी ठेवा. आठवड्यात तो माणसाळतो. डोकं लाल झालं की खूश आहे समजा. कायद्याची काही अडचण नाही. कंटाळा आला तर कुठल्याही बागेत सोडून द्या.

माझ्या भाच्यानं हे सगळं तंतोतंत केलं. सुट्टीत जांबोटीजवळच्या आमच्या शेताच्या वईवरून, म्हणजे झाडांच्या कुंपणावरून, एक सरडा धरला आणि बेळगावला अनगोळात घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन. ‘मामा, कसा गप बसलाय बघ की! माझ्याकडंच बघूलाय.’ मी म्हटलं, राहू दे मग चार दिवस. अकराव्या दिवशी सरडा मेला. माझं ते ‘राहू दे’ मला अजून टोचतं, म्हणून हे लिहितोय.

आधी त्या ‘निवांत’ बसण्याबद्दल, कारण अख्खा संदेश त्याच्यावर उभा आहे. हातात धरलेला सरडा गप असतो तो बहुतेक भीतीनं किंवा थंडीनं. शिकारी जवळ आला आणि पळायला वाट नसली की तो थिजतो. शिक्रा, कावळा, मांजर यांची नजर हालचालीवर जाते, आणि न हलणं हा त्याचा शेवटचा बचाव. आपला तळहात त्याच्या लेखी मांजराच्या पंजाहून वेगळा नाही. थंडीचं म्हणाल तर त्याचं अंग आपल्यासारखं आतून तापत नाही, ऊब बाहेरून घ्यावी लागते. सकाळी वईच्या दगडावर पोट टेकून तो ऊन खात बसतो ते त्यासाठी. अंग तापलेला सरडा आपल्याला चार पावलांच्या आत येऊ देत नाही, हे लहानपणी त्याच्यामागं धावलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तोच सरडा खोलीच्या सावलीत गार पडला की त्याच्यात पाय उचलायचं बळ राहत नाही. व्हिडिओ करणाऱ्याला वाटतं, लळा लागला.

बरणीचं गणित इथंच फसतं. सावलीत ठेवली तर अंग तापत नाही, आणि अंग तापलं नाही तर खाल्लेलं पचत नाही, पोटात तसंच कुजतं. उन्हात ठेवली तर काच आतली हवा कोंडून तापवते आणि थोड्या वेळात जीव घेते. मधला मार्ग बरणीत नाही. बाहेर सरडा काय करतो ते एखाद्या सकाळी बसून बघा. थोडा वेळ उन्हात, मग पानाआड, पुन्हा उन्हात, दुपारी खोडाच्या सावलीच्या बाजूला. दिवसभर ही ये-जा करून तो आपलं अंग हवं तेवढं गरम ठेवतो. वीतभर काचेत कुठून कुठं जाणार? आणि आपलं बेळगाव पडतं समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर. आषाढात दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही. बाहेरचा सरडा तेव्हा सालीखाली, फटीत दबून राहतो. बरणीतल्याला तीही सोय नाही.

भाचा म्हणाला, मी खिडकीत ठेवली होती, ऊन येत होतं. त्यानं मनापासून केलं होतं, म्हणून सांगताना वाईट वाटलं. उन्हातल्या अतिनील किरणांचा जो भाग सरड्याच्या कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करतो, तो साध्या काचेतून आत येत नाही. प्रकाश येतो, ऊब येते, ते किरण बाहेरच राहतात. ‘ड’ नाही तर चुना, म्हणजे कॅल्शियम, अंगी लागत नाही, मग शरीर हाडांतलाच चुना काढून घेतं. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, शेवटी सरडा अंग ओढत चालतो. याला महिने लागतात, म्हणजे आमच्या सरड्याला तेवढी सवड मिळाली नाही. पण संदेश पाळून ज्यांचे सरडे जास्त दिवस तगलेत, त्यांनी जबड्याकडे बघावं.

पाण्याची वाटी माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागली, कारण ती शेवटपर्यंत भरलेली होती. सरडा बहुतेकदा पानावरचं दव, पावसाचा थेंब चाटून पाणी पितो. वाटीतलं न हलणारं पाणी त्याला पाणी म्हणून कळतच नाही असं पुष्कळदा होतं. डोळे खोल गेलेले आणि कातडी सुरकुतलेली, असा तो त्या भरल्या वाटीशेजारी सापडला.

खाण्याचं थोडक्यात. शितं त्याचं अन्न नव्हे. त्याला जिवंत, हलणारे, वेगवेगळ्या जातीचे किडे लागतात. मुंग्यांचा पुंजका आत टाकला आणि त्यानं खाल्ला नाही, तर रात्री त्याच मुंग्या त्याला चावतात आणि त्याला पळता येत नाही. उसातून, बटाट्याच्या रानातून आणलेल्या किड्यांवर फवारणी झालेली असू शकते. शिवाय रानातल्या सरड्याच्या पोटात बहुतेकदा जंत असतात. बाहेर तो ते निभावून नेतो. कोंडल्याच्या ताणानं अंग खचलं की तेच जंत वरचढ होतात.

‘डोकं लाल म्हणजे खूश.’ नाही. विणीच्या दिवसांत नराचं डोकं आणि खांदे लाल-केशरी होतात, गळ्याशी काळा डाग उठतो. ती दुसऱ्या नराला दमदाटी असते आणि मादीला हाक. बरणीच्या काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसलं तरी तो लाल होऊन मान हलवत बसेल. ह्याच लाल रंगावरून सरडा लांबूनच रक्त ओढतो अशी समजूत झाली आणि पोरं त्याला दगड मारत आली. सरडा विषारी नाही, रक्त पीत नाही. त्याला मारण्यापेक्षा पाळावंसं वाटणारी पोरं शंभर पटींनी बरी, आणि त्यांनाच असा संदेश फसवतो याचा मला राग आहे. मादी सापडली तर आणखी वाईट. तिला अंडी घालायला मऊ माती उकरावी लागते. माती नाही म्हणून दहा-वीस अंडी पोटातच अडली की ती मरते.

‘कायद्याची अडचण नाही’ हे वाक्य तर धोक्याचं आहे. संदेशातल्या फोटोंत तीन वेगळे प्राणी ‘सरडा’ म्हणून दाखवलेत: कुंपणावरचा साधा सरडा, ज्याला शेजारच्या कन्नड घरात ओतिक्यात म्हणतात, डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवणारा घोयरा, आणि अंगावर ठिपके असलेलं चक्क घोरपडीचं पिल्लू. घोरपड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. त्या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे, पकडणंही शिकारच आहे, आणि शिक्षा तीन ते सात वर्षं. घोयऱ्यालाही कायद्याचं संरक्षण आहे. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतून तर परवानगीशिवाय कुठलाच वन्य प्राणी उचलता येत नाही, आणि ती हद्द आमच्या खानापूर तालुक्यातच आहे. दहा वर्षांच्या पोरानं हे सगळं ओळखून मग हात घालावा, अशी अपेक्षा आहे का?

ज्या घरात पाच वर्षांखालचं लेकरू आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट संदेशात नाहीच. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. प्राणी ठणठणीत दिसतो, लेकराला मात्र ताप-जुलाब होतात. अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर याच कारणानं बंदी आली. सरड्याला, बरणीला हात लागला तर साबणानं धुवा. बरणी स्वयंपाकघरातल्या मोरीत विसळू नका.

राहिलं ‘कुठल्याही बागेत सोडा’. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण हिणवून म्हणतो. खरं तर त्या कुंपणाचा इंच न् इंच त्याला पाठ असतो: कुठली फट खोल, कुठल्या खुंटावर ऊन आधी येतं, कावळा कुठून येतो. जांबोटीचा सरडा बेळगावच्या बागेत सोडला तर यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं, आणि तिथल्या कुंपणावर आधीच दुसरा नर बसलेला असतो.

तुमच्या घरात आत्ता बरणी असेल तर असं करा. सरडा बाहेर काढून पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात ठेवा, बाजूला भोकं पाडा, आत पानांची डहाळी घाला आणि पानांवर पाण्याचे थेंब शिंपडा. जबरदस्तीनं भरवू नका, सारखं उघडून बघू नका. जखमी असेल, अंग ओढत असेल तर पशुवैद्याकडे किंवा वनखात्याच्या कार्यालयात न्या. धड असेल तर पहिल्या उन्हाच्या दिवशी, सकाळी ऊन चढल्यावर, जिथून आणला तिथंच सोडा. त्याच वईवर, जमलं तर त्याच झाडाशी. झाड कुठलं ते मोठ्यांना आठवणार नाही, ज्या पोरानं धरला त्याला विचारा. माझ्या भाच्यानं मला ते बोट दाखवून सांगितलं, डावीकडून तिसरं शेराचं झाड, मोडक्या फांदीचं.