सेल्फ का मारला नाही

नमस्कार दादा,

आमच्या गॅरेजला तुम्ही दिलेला एक स्टार आणि त्याखालचा मजकूर वाचला. वाचला तेव्हा राग आला, म्हणून दोन दिवस काहीच लिहिलं नाही. इतर वाचणाऱ्यांना विषय कळावा म्हणून तुमच्या तक्रारी थोडक्यात सांगतो. शेतात उलटलेला तुमच्या बाबांचा मॅसी 1035 ट्रॅक्टर आम्ही 19 दिवस अडवून ठेवला. साधा सेल्फ मारून बघितला असता तर दहा मिनिटांत काय ते कळलं असतं, पण बिल वाढवायला इंजिनाला हात घातला. परत दिला तेव्हा तो निळा धूर ओकत होता. बिलात ‘इतर 1850’ असं मोघम लिहिलं. आणि वर म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात लोखंडी कमान, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालवणारा चिरडू नये म्हणून बसवतात ती, मारायला बघितली.

यातल्या दोन चुका माझ्या आहेत, त्या आधी घेतो. 19 दिवसांतले आठ दिवस बेळगावहून पार्ट यायला गेले. पहिल्यांदा आला तो चुकीचा निघाला, चोर्ला घाटातून टेम्पोने परत पाठवला आणि दुसरा मागवला. त्यात गावच्या जत्रेचे दोन दिवस गॅरेज बंद. हे सगळं फोन करून सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. वायंगणाची, म्हणजे हिवाळी भाताची, चिखलणी तोंडावर आलेली आणि काकांना, म्हणजे तुमच्या बाबांना, शेजारचा पॉवर टिलर भाड्याने घ्यावा लागला, हे मला ट्रॅक्टर सोडायला आलो तेव्हा कळलं. तिथे मान खाली गेली. दुसरी चूक त्या ‘इतर’ची. ते 1850 म्हणजे रेडिएटरची टाकी डागून घेतली त्याचे 900, पार्टच्या टेम्पोचे 350 आणि चेपलेलं मडगार्ड ठोकून सरळ केलं त्याचे 600. मडगार्डाचं काकांना विचारलं नव्हतं, गॅरेजच्या पोराने हातासरशी करून टाकलं. ते 600 परत देतो.

आता सेल्फ. इथे मात्र मी मागे हटणार नाही.

ट्रॅक्टर संध्याकाळी कलंडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेसीबी येईपर्यंत डाव्या कुशीवर तसाच पडून होता. इंजिनाचं ऑइल खालच्या चेंबरमध्ये बसतं ते इंजिन उभं असेपर्यंत. आडवं पडलं की ते सिलिंडरांच्या तोंडाशी जातं, आणि रात्रभर वेळ मिळाला तर रिंगांच्या फटीतून हळूहळू पिस्टनच्या डोक्यावर पोचतं. या ट्रॅक्टरचा एअर क्लीनर जुन्या पद्धतीचा, खाली ऑइलची वाटी असलेला. ती वाटी उपडी झाली की ते ऑइल हवेच्या नळीतून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपात, उतरतं. इंजिनाची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ब्रीदरमधून, येतं ते वेगळंच.

हिशेब सोपा आहे. तीन सिलिंडर मिळून 2400 सीसी, म्हणजे एकेकाचे 800. पिस्टन वर टोकाला आला की त्याच्या डोक्यावर जागा उरते साधारण 50 मिली. कटिंग चहाचा अर्धा ग्लास. हवा तेवढ्यात मावते, कारण ती दाबली जाते. ऑइल दाबलं जात नाही. त्या जागेत तेवढं ऑइल असताना सेल्फ मारला तर पिस्टन वाटेतच अडतो, मागून फ्लायव्हीलच्या जड चाकाचा जोर चालूच असतो, आणि पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी कधी तेव्हाच कळतही नाही. इंजिन चालू होतं, थोडं ठोकतं, आणि महिन्याभराने रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग खर्च हजारांत राहत नाही.

म्हणून आम्ही आधी डिझेल फवारणारे तिन्ही इंजेक्टर काढले. इंजिन ‘खोललं’ असं तुम्ही म्हणता ते एवढंच, हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, हातही लावलेला नाही. पुलीच्या नटला मोठा पाना लावून हाताने फिरवायला घेतलं. पहिल्या भोकातून नुसती फस्स करून हवा. दुसऱ्यातून चार थेंब. तिसऱ्याचा पिस्टन वर यायला लागला तसं इंजेक्टरच्या भोकातून काळं ऑइल उतू जाणाऱ्या दुधासारखं वर आलं, हेडवरून ओघळलं आणि थेट माझ्या चपलेवर. पोराने खाली डबा धरला. त्यात जमलेलं नंतर मापात ओतलं तर 120 मिली भरलं, सांडलं ते सोडून. काका स्टुलावर बसून बघत होते. बघून झाल्यावर म्हणाले, “बरं झालं.” एवढंच.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्यापर्यंत पोचली नसावी. ट्रॅक्टर उभा केल्यावर शेतावरच्या मंडळींनी दुसऱ्या ट्रॅक्टरला दोर बांधून तो गिअरमध्ये ओढून बघितला होता. ऑइल भरलेल्या इंजिनाला याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही, सेल्फ परवडला. पण चिखल गुडघाभर होता, मागची चाकं फिरलीच नाहीत, नुसती घसरत गेली, म्हणून इंजिनही फिरलं नाही. तो चिखल पावला म्हणायचं. कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. माणसं मदतीलाच धावली होती, आणि गावात ट्रॅक्टर बंद पडला की आधी दोरच शोधतात.

समजा रॉड वाकला नसता आणि इंजिन चालूही झालं असतं, तरी मॅनिफोल्डमध्ये साचलेलं ऑइल होतंच. डिझेल इंजिनाला ऑइलही जाळता येतं. इंजिन ते आपोआप ओढायला लागलं की सुसाट सुटतं आणि बंद करायची नॉब ओढून उपयोग होत नाही, कारण नॉब डिझेल तोडते आणि इथे जळतं ते डिझेल नसतंच. हवा बंद करणं हा एकच उपाय. म्हणून मॅनिफोल्ड उतरवून पुसून घेतला, एअर क्लीनरची वाटी धुऊन खुणेपर्यंत नवं ऑइल भरलं, जुनं इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलला. मग फिल्टरपासून पंपापर्यंत आणि पंपापासून इंजेक्टरपर्यंत एअर काढली, कारण टाकी आडवी पडल्यावर लाइन एअर धरतेच. पहिल्यांदा चालू केला तेव्हा मी हवेच्या तोंडाशी प्लायवूडचा तुकडा घेऊन उभा होतो. गरज पडली नाही. गेल्या 20 वर्षांत ती मला दोनदाच पडली आहे. त्यातल्या एकदा हातात काही नव्हतं, म्हणून अंगातला शर्ट काढून कोंबला.

निळ्या धुराचं उत्तर यातच आहे. सायलेन्सरमध्ये गेलेलं ऑइल पुसून काढता येत नाही, ते जळूनच जातं. सोडताना मी काकांना सांगितलं होतं की दोन-तीन दिवस लोडवर चालवा, धूर कमी होत जाईल. तुमचा अभिप्राय वाचून परवा त्यांना फोन केला. धूर गेला म्हणाले. अजून वाटत असेल तर आणा, मी परत बघतो, त्याचे पैसे नाहीत.

सगळ्यात मोठी रक्कम पुढच्या अ‍ॅक्सलच्या सपोर्टची आहे आणि तिच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणून मीच लिहितो. ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स, मागचं हाउसिंग हे बोल्टांनी एकमेकांना जोडलेले बिडाचे तुकडे, आणि तोच त्याचा कणा. कलंडलेल्या ट्रॅक्टरचं बोनेट कितीही चेपलं तरी मला फिकीर नसते, मी सांधे बघतो. यासाठी आमच्याकडे जुनी रीत आहे. भाग घासून स्वच्छ करायचा, घासलेट लावायचं, थोडा वेळ थांबून कोरडा पुसायचा आणि वरून खडूची पूड चोळायची. तडा असेल तर आत शिरलेलं घासलेट पुडीत उमटतं. पुढचा अ‍ॅक्सल ज्या सपोर्टवर बसतो, त्याच्या डाव्या बोल्टापासून बोटभर लांबीची ओली रेघ उठली. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नव्हती. बिडाला वेल्डिंग होतं, निकेलच्या रॉडने, भाग तापवून. एअर क्लीनरचा ब्रॅकेट असता तर मी तेच केलं असतं. पण ज्याच्यावर पुढची दोन्ही चाकं लटकतात तिथे वेल्डिंग करून तुमच्या बाबांना मेरेवरून, बांधावरून, उतरायला लावणार नाही. स्वस्तात पडावं म्हणून जुना पण चांगला सपोर्ट मागवला, नवा नाही. पुढची चाकं एकमेकांशी जोडणारा टाय रॉडही वाकला होता. चाकं पुढच्या बाजूला थोडी आत हवीत, तिथे ती 22 मिलिमीटर बाहेर फाकली होती. तो रॉड बदलला.

बॅटरीचं अ‍ॅसिड सांडून खालचा पत्रा खाल्ला होता. खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतला, त्याचे पैसे लावलेले नाहीत.

राहिली कमान. ती बसवलेली नाही आणि बिलातही नाही. मी फक्त दर काढून दिला होता आणि काकांनी नको म्हटलं, विषय तिथे संपला. पण मी कमान का सुचवली ते सांगतो. ब्रेकच्या दोन पेडलांना जोडणारी खिट्टी त्यांच्या ट्रॅक्टरवर नव्हती, तिथे तारेचा वेढा होता आणि तोही सुटलेला. शेतात वळताना एकाच चाकाचा ब्रेक लागतो, त्यासाठी पेडलं सुटी ठेवतात. पण शेतातून वर येऊन रस्त्याला लागलात, वेग घेतलात आणि पाय एकाच पेडलावर पडला, तर ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन वळतो आणि कलंडतो. खिट्टी मी लोहाराकडून करून घेतली आणि लाल रंगवली. सोडताना ती कशी लावायची ते काकांना दोनदा दाखवलं. दुसऱ्यांदा दाखवल्यावर ते जरा रागावले.

या वेळी त्यांचं खांद्यावर निभावलं, कारण ते चिखलात फेकले गेले. स्वीडनमध्ये 1959 पासून नव्या ट्रॅक्टरला अशी कमान सक्तीची आहे. आपण अजून कापडी छप्पर लावतो आणि डोक्यावर काहीतरी आहे म्हणून बरं वाटतं. आपल्याकडे शेताला लागून कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आणि पोफळीत उभी कमान अडते, हे काकांचं म्हणणं बरोबरच आहे. म्हणून दर दुमडणाऱ्या कमानीचा दिला होता. ती मी गॅरेजमध्ये पाइप वाकवून करून देणार नाही, तपासून प्रमाणित झालेलीच हवी, म्हणून महाग. आणि सीट बेल्ट कमान असेल तरच बांधायचा. नसेल तर नाही, कारण मग ट्रॅक्टरखाली माणूसही बांधलेला राहतो.

स्टार बदला असं मी म्हणत नाही. फोन न केल्याचा एक स्टार मी घेतो.

चवथीला किंवा त्याआधी पुण्याहून आलात तर गॅरेजवर या. रविवार सोडून कधीही. 600 रुपये काकांनी घेतले नाहीत, तुमच्याकडेच द्या म्हणाले. जुना सपोर्ट भंगारात दिलेला नाही, मागच्या फळीवर आहे. खडूची पूड झडली असेल, पण घासलेट आहे, तुमच्यासमोर परत लावू.