स्वस्त चाकूवरचा आरोप आणि सर्पदंशाचा घातक सल्ला

‘स्वस्त चाकू घेऊन ट्रेकला जाणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या भटक्यांच्या गटांमधून फिरतो आहे. हरिश्चंद्रगडाला निघालेल्या माझ्या भाच्याने तो वाचून आठ हजारांच्या चाकूसाठी आईकडे हट्ट धरला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: स्वस्त पोलाद गंजते आणि लगेच बोथट होते, पाते पाच मिलिमीटर जाड आणि मुठीच्या शेवटापर्यंत अखंड नसेल तर ते मोडते, चाकू जितका मोठा तितका चांगला, आणि साप चावल्यास चीर देऊन विष काढण्यासाठी तीक्ष्ण, महाग पाते जवळ हवेच.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्यांनी फार तर पैसे वाया जातील, याने मात्र माणूस दगावेल. दंशाच्या जागी चीर देऊ नये, विष चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने आग्नेय आशियासाठी २०१६ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. सह्याद्रीत आढळणाऱ्या घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठण्याच्या क्रियेवरच घाला घालते, त्यामुळे अशा रुग्णाला दिलेली लहानशी चीरही वाहत राहते; शिवाय पात्याखाली नस किंवा स्नायुबंध तुटू शकतो, जखमेत जंतू शिरतात, आणि विष काही बाहेर येत नाही. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर काम करून श्वास बंद पाडते, तिथे चीर देण्यात घालवलेला वेळ उपचाराच्या वेळेतून वजा होतो. करायचे ते असे: रुग्णाला धीर द्यावा, अंगठी, कडे, घड्याळ काढावे, दंश झालेला हात किंवा पाय काठी बांधून स्थिर करावा, त्याला चालू न देता उचलून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. भारतात मिळणारे प्रतिविष या चारही सापांच्या विषावर दिले जाते. देशात दरवर्षी सर्पदंशाने सुमारे ५८ हजार माणसे मरतात असा अंदाज असताना असा सल्ला पुढे ढकलणे अक्षम्य आहे.

आता जाडीचा मुद्दा. स्वीडनमधल्या मोरा इथले साधे चाकू युरोपात स्वस्तातले गणले जातात. त्यांच्या एका लोकप्रिय प्रकाराचे पाते जेमतेम अडीच मिलिमीटर जाड असते, मुठीच्या शेवटापर्यंतही जात नाही, आणि तरी सुतारापासून मासेमारापर्यंत अनेकजण त्यावर रोजचे काम करतात. दोरी कापणे, काठी तासणे, भाजी चिरणे यांना पातळ पातेच सोयीचे पडते. ओंडके फोडण्यासाठी जाड पाते हवे, हे मान्य. पण ते काम कुऱ्हाडीचे किंवा कोयत्याचे आहे, आणि आपल्याकडचे लोहार ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून घडवून, पाणी देऊन (तापवून एकदम थंड करून कठीण बनवून) जो कोयता करतात तो वर्षानुवर्षे रानात चालतो.

गंजाबद्दल एवढेच, की कार्बन पोलाद महाग असले तरी गंजते. पुसून तेलाचा हात फिरवला की पुरते. बोथट झालेल्या पात्याला कुरुंदाच्या दगडावर काही मिनिटांत धार लावता येते.

मोठ्या चाकूचा आग्रह धरणाऱ्याने कायदा वाचलेला दिसत नाही. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत चाकूचाही समावेश असून लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. तिथे परवानगीशिवाय लाकूड तोडणे हाही गुन्हाच आहे. कोयनेच्या अभयारण्यातल्या वासोट्यालाही हेच लागू होते.

स्वस्त चाकू मोडतो, हे संदेशातले एक अर्धसत्य मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. मुठीत होकायंत्र आणि काडेपेटी भरलेला, पोकळ मुठीचा चाकू जोडावर मोडतो, आणि खटका नसलेला घडीचा चाकू जोर देताना बोटांवर मिटतो. परंतु हा दोष घडणीचा आहे, किमतीचा नव्हे: फ्रान्समधल्या ओपिनेलच्या स्वस्त, लाकडी मुठीच्या चाकूला पाते पक्के धरणारे फिरते कडे १९५५ पासून आहे. विकत घेताना पाते उघडून त्याच्या पाठीवर दाब द्यावा, मूठ हलवून पाहावी, आणि जोडात खुळखुळ जाणवली तर तो चाकू कितीही रुपयांचा असला तरी परत ठेवावा.