तेच वावर, तोच प्रश्न

रास झाली की आण्णांचा फोन येतो. औसा तालुक्यात आमचं चार एकर, सगळं सोयाबीन. आधी ते आपला उतारा सांगतात, मग विचारतात, ‘तिकडं बॅगेला किती पडलं?’ बॅग म्हणजे साधारण एकराला लागणारं बी. मी शिकते त्या अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एकरी सोळा-सतरा क्विंटल निघतं, तेही बहुतेक ठिकाणी निव्वळ पावसावर. हे सांगताना दरवेळी माझी जीभ जड होते. यंदा आण्णा म्हणाले, ‘मग आपली विद्यापीठं करत्यात काय?’

आमच्या बी.एस्सी. ॲग्रीच्या ग्रुपवरही सध्या हाच वाद पेटलाय. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, ही चारही कृषी विद्यापीठं बंद करा, जमिनी शेतकऱ्यांना वाटा, नाहीतरी पोरं सगळी एमपीएससीलाच बसतात, असं एकानं लिहिलं. पुढे दाखला अमेरिकेतल्या उताऱ्याचा. मी अर्बाना-शॅम्पेनच्या इलिनॉय विद्यापीठात मृदाशास्त्र शिकते, म्हणून हे लिहावंसं वाटतं. अमेरिकेचा दाखला द्यायचाच तर पुरता द्या.

इथल्या आवारात भर मध्यावर मक्याचं एक छोटंसं वावर आहे. मॉरो प्लॉट्स म्हणतात त्याला. 1876 पासून तिथे एकच प्रश्न विचारला जातोय: त्याच जमिनीत तेच पीक घेत राहिलं तर मातीचं काय होतं? एका तुकड्यात दरवर्षी मका, मधल्यात मका-सोयाबीनची फेरपालट, तिसऱ्यात मका, ओट आणि लसूणघास. जुलैत मी कडेला उभी राहते तेव्हा कधीच खत न मिळालेला मका पिवळट आणि खुरटा दिसतो, अन् चार पावलांवर फेरपालटीतला हिरवागार, डोक्याच्या वर गेलेला. शेजारी ग्रंथालय बांधायचं ठरलं तेव्हा पिकावर सावली पडू नये म्हणून ते जमिनीखाली बांधलं. 1969 सालची ही गोष्ट. पायऱ्या उतरून खाली जायचं, वर ऊन मक्याला.

हे पाहिलं की मला माझ्या महाविद्यालयातला प्रयोगाचा तुकडा आठवतो. शेणखत आणि रासायनिक खत यांची तुलना होती, आम्ही मुली सकाळी नमुने काढायचो. सरांची बदली झाली, जागा भरली गेली नाही, आणि पुढच्या खरिपात तिथे ट्रॅक्टर फिरला. तीन वर्षांच्या नोंदी मातीत गेल्या. आजही मला त्याचं वाईट वाटतं. असे प्रयोग आपल्याकडे टिकतच नाहीत असं मात्र नाही. अकोल्याला आणि परभणीला दीर्घकालीन खतांचे प्रयोग चालू आहेत. बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी तिथं जाऊन यावं. रिकाम्या जागा भरा म्हणून भांडायचं सोडून आपण कुलूप कसलं मागतोय?

उताऱ्याचं म्हणाल तर तो विद्यापीठाच्या एकट्याच्या जिवावर आलेला नाही. इथली काळी माती खोल आहे, पाऊस बारा महिने विभागून पडतो, आणि सरासरी शेत साडेतीनशे एकरांच्या वर. महाराष्ट्रात सरासरी धारणा 2015-16 च्या गणनेत 1.34 हेक्टर. शिवाय इथलं सगळं गोड नाही. याच मका-सोयाबीनच्या शेतांतला नायट्रेट मिसिसिपीतून थेट मेक्सिकोच्या आखातात उतरतो आणि उन्हाळ्यात तिथल्या एका मोठ्या पट्ट्यातलं पाणी मासळीला जगवत नाही. 1862 च्या ज्या कायद्यानं अशी विद्यापीठं उभी राहिली, त्यात वाटलेली जमीन मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती.

पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे, आणि तिच्यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही. 1914 च्या कायद्यानं विस्ताराचं, म्हणजे संशोधन शेतकऱ्यापर्यंत नेण्याचं, काम इथे विद्यापीठाच्या अंगावर टाकलं. संशोधन करणारी आणि शेतकऱ्याच्या दारात जाणारी संस्था एकच, खर्च केंद्र, राज्य आणि स्थानिक पातळी मिळून उचलतात. आपल्याकडे शिफारस जॉइंट ॲग्रेस्कोत, म्हणजे चारही विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत, मंजूर होते विद्यापीठाची, आणि गावापर्यंत नेतो मुख्यतः कृषी विभाग. मध्ये कृषी विज्ञान केंद्रं आहेत, पण जिल्ह्याला एक-दोन. त्यांनी किती बांध गाठायचे?

पोरं एमपीएससी करतात याचा राग तर मला पटतच नाही. इथेही कृषी शिकलेली बहुतेक मुलं नांगर धरत नाहीत. बियाणे कंपनीत जातात, बँकेत, पीकविम्यात, आणि कुणी त्यांना गद्दार म्हणत नाही. रावे, म्हणजे पदवीतला गावात राहून करायचा अनुभवाचा अभ्यासक्रम, संपवून परतलेल्या पोराला गावाजवळच नोकरी असती, तर तो पुण्यात अभ्यासिकेची खुर्ची धरून का बसला असता?

आणि सोयाबीन तरी आपल्या रानात आलं कुठून? साठच्या दशकात याच इलिनॉय विद्यापीठानं जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांबरोबर चाचण्या घेतल्या. पुढे जबलपूरनं जेएस 335 हे वाण दिलं, परभणीनं एमएयूएस 71, राहुरी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्रानं फुले संगम. लातूरच्या मोंढ्यात जे पोतं उतरतं, त्यामागे सगळी सरकारी विद्यापीठं आहेत.

आण्णांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ‘असंल बाबा, पण आमच्याकडं कोण आलं न्हाई.’ मग बोलता बोलता म्हणाले, बी घरचंच ठेवलंय, पेरणीच्या आधी उगवण बघणार. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची, आठवड्यानं मोजायचे, सत्तरच्या वर उगवले तर पेरायचं. कुठं शिकलात, मी विचारलं. म्हणाले, ‘कृषी सहायकानं दाखवलं की. विद्यापीठाचा काय संबंध?’