‘रिपोर्ट तर येऊ दे आधी’ म्हणणाऱ्यांनो

आज दुपारी एका मैत्रिणीचा मेसेज आला. नुकतीच बायोप्सी झालीये तिची, म्हणजे कॅन्सर आहे का ते बघायला सुईने छोटा तुकडा काढलाय, रिपोर्ट यायचाय. तिने घरच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं होतं की रात्री झोप लागत नाहीये, तर खाली लगेच सुरू, ‘पॉझिटिव्ह विचार कर’, ‘काही निघणार नाही बघ’, ‘आत्तापासून कसलं टेन्शन घेतेस, रिपोर्ट तर येऊ दे आधी’. तिने मला स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "आता या सगळ्यांना मी बरी आहे असं पण मीच सांगत बसू का?"

डोकंच फिरलं माझं.

अहो, रिपोर्ट आला की माणूस कामाला लागतो. कुठल्या डॉक्टरकडे जायचं, रजा कधी टाकायची, इन्शुरन्सचे कागद कुठे आहेत, बरोबर कोण येणार, शंभर गोष्टी असतात. वाट बघण्याच्या दिवसांत करण्यासारखं काहीच नसतं, म्हणून तर जीव खालीवर होतो. आणि नेमकं त्याच दिवसांत आपण त्या माणसाला सांगतो की अजून काही झालेलंच नाहीये. झालेलं असतं! सुई टोचून आलेली असते, फॉर्मवर ‘कॅन्सर’ हा शब्द वाचून त्याखाली सही करून आलेली असते ती.

माझ्या ताईच्या वेळेला हे सगळं मी जवळून बघितलंय. तिला गाठ लागली, मॅमोग्राफी-सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टच्या शेवटी लिहिलेलं ‘बायरॅड्स ४’, म्हणजे स्तनाच्या तपासणीत कॅन्सरचा संशय किती ते सांगणारा आकडा. बायोप्सी करून घ्या म्हणाले. आम्ही दोघी रात्री तो ४ शोधत बसलो. आणि त्या एका आकड्यात काय काय मावतं माहितीये? कॅन्सर असण्याची शक्यता २ टक्क्यांपासून ते ९५ टक्क्यांपर्यंत! त्यात पुढे ए, बी, सी असे भाग असतात, तिच्या कागदावर ते अक्षरच नव्हतं. आता अशा माणसाने पॉझिटिव्ह विचार करायचा म्हणजे नेमका कुठल्या टक्क्याचा करायचा, सांगा ना.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या लोकांनी २०१६ साली एक प्रयोग छापला होता. कम्प्युटरवर दगड उलटायचा खेळ, खाली साप निघाला की हाताला खरा शॉक. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजत होते. शॉक बसणारच हे पक्कं माहीत असताना लोकांना जेवढा ताण आला त्यापेक्षा जास्त ताण, शॉक बसेल की नाही हे अर्धंअर्धं असताना आला. मी हे वाचलं तेव्हा मला ताईच दिसली. तेव्हा मनाचा कमकुवतपणा वगैरे कृपा करून कुणी बोलू नका, शरीरच तसं चालतं आपलं.

ताई फोन उलटा ठेवायची टेबलावर, आणि थोड्या वेळाने उचलून आवाज चालू आहे ना ते बघायची. आंघोळीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत न्यायची. एकदा अनोळखी नंबर वाजला, आम्ही सगळे जिथे होतो तिथे थांबलो, आणि तो लोनवाल्याचा निघाला. ती त्याला इतक्या शांतपणे ‘नको हो’ म्हणाली, आणि फोन ठेवला तर बोटं थरथरत होती तिची.

आणि मग ज्या दिवशी रिपोर्ट देतो म्हणाले होते तो दिवस गेला. काहीच नाही. फोन केला तर काउंटरवरून ‘रेडी झाला की मेसेज येईल’. पुढच्या दिवशी पण तेच. आता घरात एकच अर्थ, उशीर होतोय म्हणजे वाईट आहे, म्हणून मोठ्या डॉक्टरांना दाखवत असणार. भावजी एरवी गप्पच असतात, त्यांनी त्या रविवारी घरातल्या प्रत्येक दाराचे स्क्रू आवळले. प्रत्येक दाराचे. नंतर कळलं की पहिल्या कापांमध्ये नीट दिसत नव्हतं म्हणून त्याच ब्लॉकमधून, म्हणजे मेणात बसवलेल्या त्याच तुकड्यातून, आणखी खोलवर काप घेत होते, बस. हे वाक्य त्या काउंटरवरच्या माणसाला बोलता आलं नसतं? ‘आणखी काप घेतलेत, गुरुवारी आम्हीच फोन करू.’ दहा सेकंदांचं काम आहे!

मला माहितीये लॅबमध्ये कोणी हातावर हात ठेवून बसलेलं नसतं. तो तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये मुरावा लागतो, मग त्यातलं पाणी काढून मेणात बसवतात, मग तीन-चार मायक्रॉनचे काप, मग रंग, मग कुणीतरी डोळे फोडून ते बघतं, शंका आली तर वेगळे स्टेन म्हणजे खास रंग, त्याला आणखी दिवस. घाईत चुकीचा रिपोर्ट कुणालाच नकोय, मान्य. पण वेळ लागणं वेगळं आणि वेळ का लागतोय ते न सांगणं वेगळं. उशीर माणूस सहन करतो हो. तारीख नसलेली वाट सहन होत नाही. म्हणून मला वाटतं तारीख द्यायलाच पाहिजे, आणि त्या तारखेला रिपोर्ट तयार नसला तरी फोन करायलाच पाहिजे, ‘झालेला नाही, आता अमुक दिवशी’ एवढं सांगायला.

तुम्ही विचाराल काय निघालं मग ताईला. ते मी इथे लिहिणार नाहीये. कारण काही नाही निघालं म्हटलं की तुम्ही म्हणणार बघा, उगाच घाबरलात, आणि निघालं म्हटलं की मग त्या दिवसांना अर्थ आला तुमच्या लेखी. ते दिवस दोन्ही बाजूंनी तेवढेच वाईट होते. आणि ज्यांची ट्रीटमेंट होऊन गेलीये त्यांना तर दर फॉलोअपच्या स्कॅनला हेच सगळं परत, तेव्हा तर कुणी विचारत पण नाही, ‘तू तर बरी झालीस ना आता.’

असो, थोडी शांत झाले लिहून.

आमच्याकडे कशाचा उपयोग झाला ते सांगते, मैत्रिणीलाही हेच लिहिलंय. ताईची एक शाळेपासूनची मैत्रीण आली, तिने काही विचारलं नाही की समजावलं नाही. ताईचा फोन घेतला आणि म्हणाली सगळ्यांना उत्तरं मी देते, हॉस्पिटलचा आला तर आणून देते. ताई त्या दुपारी तीन तास झोपली! मग ठरलं, लॅबला फोन दिवसातून एकदाच आणि तो भावजींनीच करायचा. रात्री शोधाशोध बंद, जे डोक्यात येईल ते वहीत लिहायचं डॉक्टरांना विचारायला. ‘गाठ काढावी लागेल का’ पासून ‘केस’ एवढा एकच शब्द, त्यापुढे प्रश्नचिन्ह, असं सगळं होतं त्या वहीत. भीती वाटली की वाटतेय म्हणायचं, कुणी अडवायचं नाही. भीती गेली नाही, पण ती एकटीला धरून बसावी लागली नाही तिला. आणि झोप अगदीच उडाली असेल, छाती धडधडत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्याच्यावरही उपचार असतात, त्यासाठी रिपोर्टची वाट बघायची गरज नाही.

काहींना ‘काही होणार नाही’ ऐकून खरंच बरं वाटतं, असतील तसेही. पण मग आधी विचारा ना त्यांना.

मैत्रिणीच्या अपॉइंटमेंटला मी जातेय बरोबर, कारण तिथे बसल्यावर अर्धं ऐकूच येत नाही, दुसऱ्या कुणीतरी लिहून घ्यावं लागतं. तिच्याही लॅबने अजून तारीख सांगितलेली नाही. माझ्या लिस्टमध्ये पॅथॉलॉजीवाले आणि डॉक्टर बरेच आहात, खरंच विचारतेय, तुमच्याकडे रिपोर्ट लांबला तर पेशंटला फोन कोण करतं?